किलोचे पैसे

गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात जेवायला बसलो होतो. मावशीने जिलबी मोडता मोडता अचानक विचारलं, "काय गं, तू म्हणे ऑस्ट्रेलियात फिरतही होतीस आणि पैसेही कमवत होतीस. म्हणजे नक्की काय करत होतीस?"

"स्ट्रॉबेऱ्या तोडत होते."

मावशीचा हात तिथेच थांबला. "इंजिनियर होऊन?"

त्यानंतर आजूबाजूच्या चार खुर्च्या माझ्याकडे वळल्या, आणि जेवणात काही लक्ष लागलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मावशी, हे तुझ्यासाठी. आणि "मलापण असंच जायचंय, कसं जमवलंस?" असं विचारणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठीही.

आधी एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. टुरिस्ट व्हिसावर जाऊन "तिकडे काहीतरी काम बघू" असं करायचं नाही. पैसे न घेता, फक्त राहण्या-जेवणाच्या बदल्यात हॉस्टेलमध्ये झाडू मारला तरी पुष्कळ देशांत ते कामच धरतात, आणि पकडलं तर सरळ परत पाठवतात. आपल्या पासपोर्टवर फिरता फिरता रीतसर काम करण्याच्या वाटा फार थोड्या आहेत. त्यातली एक ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली. ऑस्ट्रेलियाने 'वर्क अँड हॉलिडे' नावाचा व्हिसा भारतीयांना द्यायला सुरुवात केली. वर्षाला फक्त एक हजार जागा, म्हणून सोडत. वय १८ ते ३०, शालेय शिक्षणानंतर निदान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजी, आणि बँकेत तिकिटाशिवाय पाच हजार डॉलर दाखवायचे. सोडतीत नाव घालायला २५ डॉलर, नंबर लागल्यावर व्हिसाचे वेगळे, तेव्हा ते ६५० होते. मला आयुष्यात शाळेच्या हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये एकदा प्लॅस्टिकचा डबा लागला होता. त्यानंतर हेच!

पुण्यातली नोकरी सोडली आणि जून २०२५ मध्ये गेले. पाच हजार डॉलर दाखवायचे होते, उडवायचे नव्हते, कारण त्यातले निम्मे आबांचे होते. तेव्हा एक डॉलर म्हणजे छप्पन रुपयांच्या आसपास. सिडनीत पहिल्या आठवड्यात प्रत्येक कॉफीला छप्पनने गुणत होते. शेवटी गुणायचं सोडलं आणि कॉफीही सोडली. मग बस पकडून क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गला गेले, कारण थंडीत तिथे स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो आणि माणसं लागतात.

बंडाबर्गला उतरले आणि मला हसूच आलं. घर सोडून इतक्या लांब आले, तर दोन्ही बाजूंना ऊस! आमच्या वाळव्यातल्यासारखाच, नजर पोचेल तिथपर्यंत. फक्त फडात माणूस नाही. एक यंत्र ऊस कापून तुकडे करत चाललेलं, शेजारून दुसरं वाहन ते झेलत चाललेलं. कोयता नाही, मोळी नाही, कोप्या नाहीत. पूर्वी तिथेही हातानेच तोड व्हायची. १८६३ पासून १९०४ पर्यंत पॅसिफिकच्या बेटांवरून साठ हजारांवर माणसं क्वीन्सलँडच्या उसासाठी आणली, त्यातली कित्येक फसवून नाहीतर पळवून. हे मी नंतर वाचलं. पहिल्या दिवशी मला फक्त घरची आठवण आली.

तर काम. पहाटे साडेचारला उठायचं, अंधारात व्हॅन यायची. तीन चाकांच्या गाड्यावर बसून गादीवाफ्यांमधून ढकलत जायचं आणि दोन्ही हातांनी फळ तोडायचं. दाबायचं नाही, देठ ठेवायचा, अर्धवट पिकलेलं तोडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझं तासाला दहा किलोही भरलं नाही. शेजारच्या ओळीतली तैवानी मुलगी गाणी ऐकत पस्तीस किलो काढत होती.

कामावर घेणारा शेतकरी नव्हता, कंत्राटदार होता. मी त्याला मनात मुकादमच म्हणायचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ३० तास काम करून ३९६ किलो तोडले. किलोला एक डॉलर दहा सेंट. म्हणजे ४३५ डॉलर, त्यातून १५ टक्के कर, हॉस्टेलचे २३०. हातात उरले १४०. दोन दिवस पाठ धरून पडले होते आणि त्या पगाराच्या कागदाकडे बघत होते.

तैवानी मुलीने तो कागद बघितला आणि म्हणाली, हे चूक आहे. मग तिने मला समजावलं. पूर्वी तिथेही नुसत्या किलोवरच पैसे मिळायचे. पण २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. किलोचा दर असा हवा की साधारण हुशार कामगाराला किमान वेतनापेक्षा निदान १५ टक्के जास्त सुटावेत. आणि कुणाचं किलोचं गणित कमी भरलं, तरी जितके तास काम केलं तितक्या तासांचं किमान वेतन द्यावंच लागतं. जुलै २०२५ पासून देशाचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं आणि आमच्यासारख्या हंगामी लोकांना वर २५ टक्के. म्हणजे तासाला ३१ च्या आसपास. माझे ३० तासांचे नऊशेवर व्हायला हवे होते. पाचशे डॉलरच्या आसपास कमी!

दुसऱ्या दिवशी व्हॅनपाशी मुकादमाला विचारलं. आवाज कापत होता, खोटं कशाला सांगू. तो शांतपणे म्हणाला, "किलोचे पैसे मिळतात ना तुला? हळू तोडलंस तर कमीच मिळणार."

आणि मी गप्प झाले. घाबरून नाही. ते वाक्य माझंच होतं म्हणून.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. कॉलेजात असताना जानेवारीत घरी आले होते, आमच्या फडाला तोड आली होती. आबा तालुक्याला गेले होते. टोळी बीडकडची. निम्मा फड झाल्यावर एक बाई बांधावर आली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. खुशालीचं विचारायला लागली. खुशाली म्हणजे तोडीवर वरून मागतात ते पैसे, आमच्याकडे दर वर्षी त्यावरून वाद. मी नुकतीच अर्थशास्त्राचा एक पेपर देऊन आलेली. तोऱ्यात म्हटलं, "टनाचे पैसे मिळतात ना तुम्हाला? मग हे कशाचे?"

"मिळत्यात की ताई," एवढंच म्हणाली. वळली, मोळी डोक्यावर घेतली आणि फळीवरून ट्रकवर चढली.

टनाचे पैसे तिला तेव्हा मिळतच नसणार हे मला कळायला हवं होतं. हंगामाआधी मुकादमाकडून नवराबायकोच्या कोयत्याला उचल मिळते, आणि पुढचे पाच महिने तोडलेला प्रत्येक टन त्या उचलीतून वळता होतो. तास कुणी मोजत नाही. पाऊस पडला की तोड बंद आणि पैसेही बंद.

असो. व्हॅनपाशी मी गप्प झाले, पण तैवानी मुलगी झाली नाही. तासांची नोंद दाखवा म्हणाली, नाहीतर फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे तक्रार करते. तिथलं हे सरकारी कार्यालय, तक्रारीला पैसे पडत नाहीत. चार दिवसांनी माझ्या खात्यात उरलेली रक्कम आली. कर कापून, पण आली.

त्या रात्री घरी फोन केला. आबा खूश झाले. "बरं केलंस. हक्काचं सोडायचं न्हाई." मग मी त्यांना त्या बाईचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तोडणीचे पैसे कारखाना आपल्याच बिलातनं कापतो. वर खुशाली द्यायची म्हंजे शेतकऱ्यानं किती द्यायचं?"

ते चुकीचं बोलत नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला, तोही शेवटी उसाच्या बिलातूनच जातो. दर आबा ठरवत नाहीत आणि ती बाईही ठरवत नाही. भांडण मात्र त्या दोघांचं बांधावर होतं. मी एवढंच म्हटलं, "आबा, मला ३० तासांचे मिळाले. मी कमी तोडलं तरी." ते म्हणाले, "तिकडं कायदा हाय." आणि फोन आईकडे दिला.

सप्टेंबरपर्यंत मी तासाला अठ्ठावीस किलोंवर पोचले होते, ह्याचा मला डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे! त्या पैशांतून बोटीने लेडी मस्ग्रेव्ह बेटावर गेले, ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाला. पाण्यात मान खाली घातली आणि हाताच्या अंतरावरून एक कासव निवांत निघून गेलं. तिकीट अडीचशे डॉलरच्या वर होतं. किती किलो झाले ते मी मोजलं, अर्थातच. पण ह्या वेळी वाईट वाटलं नाही.

डिसेंबरात परत आले. पेन्शनच्या नावाखाली साठलेले पैसे परत मागितले, तर त्यातले ६५ टक्के करात गेले. जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

यंदा जानेवारीत आमच्या फडाला तोड आली तेव्हा मी घरीच होते. ती बाई नव्हती, टोळीच दुसरी होती. खुशालीवरून आबांनी कुरकुर केली आणि मग दिली. मी पाण्याची कळशी घेऊन गेले आणि एकीला विचारलं, किती वाजल्यापासून तोडताय? "तास कोन बघतंय," म्हणाली, आणि हसून पुढच्या सरीला लागली.

तर मावशी, हे असं होतं. लग्नात तू शेवटी विचारलंस, "मग उरले किती?" आबांचे सगळे परत केले, आणि वर एकोणीस हजार रुपये उरले.