टेबलात नसलेला कॉलम

लाराव्हेलच्या मॉडेलात 'गेट-फुलनेम-ॲट्रिब्यूट' अशी मेथड लिहिली की रेकॉर्डवर 'फुल_नेम' मिळायला लागतं. 2022 च्या नवव्या आवृत्तीपासून ॲट्रिब्यूट ऑब्जेक्ट परत करणारी नवी पद्धत आली, जुनीही चालते. त्यामुळे जुन्या प्रोजेक्टात दोन्ही सुखाने नांदतात, आणि एकच फील्ड शोधायला दोन्हीकडे डोकावावं लागतं.

•

असं फील्ड हाक मारताना कॉलमसारखं दिसतं, म्हणून 'व्हेअर'मध्ये टाकलं की डेटाबेस ओरडतो: असा कॉलमच नाही. जँगोत 'प्रॉपर्टी' लावून फिल्टर केलं तरी तीच रड. गणित पीएचपीत किंवा पायथनमध्ये होतं. क्वेरीला त्याचा पत्ता नसतो. मग कुणीतरी आलेली रेकॉर्डं कोडमध्येच सॉर्ट करतो. पहिलं पान छान दिसतं. दुसऱ्या पानावर पुन्हा 'अ'पासून सुरुवात! पेजिनेशन आधीच होऊन गेलेलं असतं. जँगोत अशा वेळी 'ॲनोटेट' वापरावं, हिशेब डेटाबेसलाच करू द्यावा.

•

लाराव्हेलच्या 'अपेंड्स' या यादीत नाव घातलं की ते फील्ड प्रत्येक जेसनमध्ये जातं. मला ही यादी रिकामी असलेली आवडते. समजा इन्व्हॉइसची एकूण रक्कम आयटम्सवरून काढली आणि ती अपेंड्समध्ये ठेवली. 50 इन्व्हॉइस मागवली की 51 क्वेऱ्या. 'विथ' लावलं तर दोनच; 'विथ-सम' वापरलं तर एकीतच बेरीज येते. पण ड्रॉपडाउनला नुसता इन्व्हॉइस नंबर हवा असतो, तिथेही ही बेरीज कशाला?

•

वाचताना पुन्हा पुन्हा मोजायचं नसेल तर स्टोअर्ड जनरेटेड कॉलम. मायएसक्यूएलमध्ये 5.7 पासून, पोस्टग्रेसमध्ये 12 पासून. जँगोने 2023 च्या डिसेंबरात 5.0 मध्ये त्यासाठी वेगळं फील्ड दिलं. अट कडक आहे: त्याच ओळीतलं घ्या, दुसऱ्या टेबलात डोकावू नका, आजची तारीख विचारू नका. म्हणजे वय बाद, इन्व्हॉइसची रक्कमही बाद. वय मॉडेलातच बरं.

•

पूर्ण नाव जोडताना मधलं नाव नल असेल तर पीएचपी दोन स्पेस सोडून पुढे जातं. मायएसक्यूएलचा 'कॉन्कॅट' मात्र सगळं नावच नल करतो. तिथे 'कॉन्कॅट_डब्ल्यूएस' हवा. पोस्टग्रेसचा 'कॉन्कॅट' नलला जुमानत नाही, पण जनरेटेड कॉलमात त्याला प्रवेश नाही. तिथे दोन उभ्या रेघा आणि 'कोॲलेस'.

•

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. पूर्ण नाव मेथडमधून येत असेल तर जन्मतारखेचा एक 'इफ' वाढतो. तेच स्टोअर्ड कॉलमात असेल तर मायग्रेशन लिहा, आणि टेबल मोठं असेल तर ते रात्री चालवा.