मनोंगांची नातवंडे

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला पाहुणा आधी तो प्रसिद्ध तांबडा पूल पाहतो, मग चढावर धापा टाकणारी केबल कार. मीही हे सारे यथासांग केले. पण घरी परतल्यावर आठवत राहिला तो चायनाटाऊनच्या कडेचा कर्नी रस्ता आणि तिथली एक साधी इमारत, इंटरनॅशनल हॉटेल.

या भागाला एकेकाळी मनिलाटाऊन म्हणत. १९२० नंतर फिलिपाइन्सचे हजारो तरुण कॅलिफोर्नियात आले. ते शेतमळ्यांत राबले, अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांत खपले. त्यांच्यात बायका अगदी थोड्या. आणि गोऱ्या मुलींशी लग्न करायला १९३३ पासून कायद्यानेच बंदी. ती १९४८ साली उठली, पण तोवर पुष्कळांचे वय टळून गेले होते. असल्या हॉटेलातल्या एका खोलीत ते एकटेच म्हातारे झाले. त्यांना 'मनोंग' म्हणत. इलोकानो भाषेत मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आपला दादाच म्हणा ना!

४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे शेकडो पोलीस या म्हाताऱ्यांना बाहेर काढायला आले. हजारो माणसे हात गुंफून दाराशी उभी राहिली. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. तरी कडे तुटले, खोल्या रिकाम्या झाल्या, पुढे इमारतही पाडली गेली. कित्येक वर्षे तिथे नुसता खड्डा होता. अखेर २००५ साली त्याच जागी वृद्धांसाठी नवी घरे उभी राहिली आणि तळमजल्यावर मनिलाटाऊनच्या आठवणी जपणारे केंद्र.

मी गेलो तेव्हा शाळकरी मुलांचा एक घोळका तिथे आला होता. 'आते, आते!' अशा हाका चालल्या होत्या. मी चमकलो. एवढीशी कॉलेजकन्यका, आणि ही सगळ्यांची आत्या? चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. टागालोगमध्ये 'आते' म्हणजे ताई आणि 'कुया' म्हणजे दादा.

या ताई-दादांची एक शिस्तशीर परंपराच आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापिका अ‍ॅलिसन तिंतियांग्को-कुबालेस यांनी २००१ साली बाल्बोआ हायस्कूलमध्ये हा उपक्रम सुरू केला. कॉलेजातली मुले शाळेत जाऊन धाकट्यांना त्यांच्याच लोकांचा इतिहास शिकवतात आणि त्यांच्या पाठीशी उभी राहतात. डेलानोच्या द्राक्षमळ्यांत ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलियाँगच्या पुढारीपणाखाली आधी फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, सेझार चावेझची संघटना आठ दिवसांनी त्यांना येऊन मिळाली, असल्या गोष्टी या मुलांना आपल्या माणसाच्या तोंडून कळतात. मग आजोबांचे खरबरीत हात लपवावेसे वाटत नाहीत.

भिंतीवरच्या एका वृद्धाच्या छायाचित्रापाशी एक मुलगा बराच वेळ उभा होता. ताईने त्याला घाई केली नाही. ती नुसती शेजारी जाऊन उभी राहिली. ज्या मनोंगांना संसारच लाभला नाही, त्यांना ही नातवंडे अशी मिळाली!

माझ्याबरोबर पुतण्याची बारा वर्षांची मुलगी होती, तिकडेच जन्मलेली. परतताना तिने विचारले, "आजोबा, आपले लोक इथे पहिल्यांदा आले, तेव्हा कुठे राहायचे?"

वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. पण त्या पोरीला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. "तुझ्या बाबांनाच विचारू," मी म्हणालो. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही विचारले आणि पुतण्या प्रथमच आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीविषयी बोलू लागला.