लाइन ट्रिप झाली, पण कोणी केली?

जयपूरहून आग्र्याकडे निघालं की वाटेत बस्सी लागतं. तिथल्या ४०० केव्ही उपकेंद्रात माझी पहिली नेमणूक झाली. 'ट्रिप' म्हणजे शाळेची सहल किंवा वाळूच्या ट्रकची खेप, एवढंच घरून घेऊन गेलो होतो. इथं ते अहोरात्र क्रियापद म्हणून कानावर पडायचं. "सर, आग्रा लाइन ट्रिप कर गई!" असं कोणी ओरडलं की सगळे पॅनलकडे धावत.

लॉगबुकात मी नुसतं 'लाइन ट्रिप झाली' लिहिलं की शिफ्टचे जुने इन्चार्ज वही परत सरकवत. "अपने आप कोई नहीं गिरता बाबू, किसने गिराया?" मग कोणता रिले (फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणारं उपकरण) चालला, कुठल्या फेजवर, फॉल्ट किती किलोमीटरवर, हे सगळं उतरवायचं, तोवर रिसेटला हात लावायचा नाही. कारण बहुधा साधं असे: मे-जूनची आंधी, नाहीतर थंडीच्या धुक्यात ओली झालेली इन्सुलेटरवरची धूळ. अशा वेळी बरेचदा एकच फेज सुटते आणि सेकंदाभरात आपोआप जोडली जाते. गावात कुणाला पत्ताही नसतो.

इंग्रजीत हे क्रियापद अडखळून पडणाऱ्यालाही चालतं आणि पाडणाऱ्यालाही. लाइन तोडणारा ब्रेकर दुरुस्तीला उघडला तेव्हा दोन्ही एकत्र दिसले. ताणलेली स्प्रिंग, तिला अडवून धरणारी खिटी आणि शेजारी छोटीशी ट्रिप कॉइल. रिलेच्या हुकमावर बॅटरीचा डीसी मिळाला की कॉइलचा दांडा खिटीला ढोसतो, खिटी निसटते आणि ब्रेकर उघडतो. कबड्डीत पायात पाय घालून पाडावं, तसंच.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २:३३ ला जवळपास सगळं उत्तर ग्रिडच बसलं. सुमारे ३६,००० मेगावॅट भार गेला. आमच्याकडे बॅटरीवरचे दिवे तेवढे उरले.

पुढे चौकशीचा अहवाल आला. सुरुवात बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप होण्यातून झाली होती, आणि गंमत म्हणजे तिच्यावर फॉल्टच नव्हता! करंट भलताच चढला, व्होल्टेज उतरलं. रिले या दोन्हींच्या गुणोत्तरावरून फॉल्ट ओळखतो, त्याला तो दूरवरचा, म्हणजे त्याच्या झोन-३ मधला, फॉल्ट वाटला.

मी इन्चार्जना विचारलं, "आता लॉगमध्ये काय लिहायचं?"

"रिले का नाम. गिराया तो उसी ने." मग जरा थांबून म्हणाले, "अब अपनी झोन-३ की सेटिंग निकालो."