शिडाच्या होडीतून जंजिऱ्याकडे

आमच्यापैकी बहुतेकांचे वाडवडील कोकणातून मुंबईला आले ते बोटीने. गिरणीत नाहीतर गोदीत काम मिळेल, एवढीच आशा गाठीला होती. समुद्र म्हणजे घर सोडण्याची वाट! मौजेखातर समुद्रावर जायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतल्या सहा कुटुंबांनी वर्गणी काढून मुरूड-जंजिऱ्याची सहल ठरवली, तेव्हा घरोघरी वाद झाले. "पोराबाळांना घेऊन शिडाच्या होडीत? नको गं बाई!" असे म्हणणाऱ्याच जास्त होत्या. शेवटी मुलांच्या हट्टापुढे सगळ्यांनी हात टेकले.

मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी हे कोळ्यांचे गाव आहे. खाडीच्या तोंडाशीच जंजिरा उभा. आम्ही दिवसभरासाठी एक होडी ठरवली. तिला इंजिन नव्हते. एक डोलकाठी, तिच्यावर तिरके बांधलेले लांब परबाण, त्याला तिकोनी शीड आणि मागे सुकाणू, एवढाच संसार. तांडेल साठीचे होते. त्यांनी आधी आम्हाला नीट बसवले. जड माणसे मधोमध, मुले आईजवळ, आणि उभे कुणीच राहायचे नाही. आमच्यातले एक साहेब उभे राहून फोटो काढू लागले, तेव्हा तांडेल शांतपणे म्हणाले, "दादा, हितं माझं ऐकायचं." साहेब निमूट बसले.

सकाळी जमिनीकडून वाहणारा तो मतलई वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी मात्र उबदार राहते. म्हणून पहाटेचा वारा दर्याकडे ढकलतो. दुपारी जमीन तापली की तोच खेळ उलटा होतो आणि वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो. जाताना मतलई, येताना खारा वारा, हे कोळ्यांचे जुने वेळापत्रक! भरतीची वेळही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आमच्या शाळकरी मुलांनी भूगोलात पाठ केलेले सगळे त्या दिवशी अंगाला लागले.

किल्ल्याजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, नुसती तटाची भिंत. पायऱ्यांशी लाट वर-खाली होत होती. होडी टेकली की एकेकाने झटकन उतरायचे. आज्जींना दोन खलाशांनी अलगद उचलून घेतले. आत गोड्या पाण्याचे तलाव आणि कलाल बांगडी ही प्रचंड तोफ पाहिली. हा किल्ला सिद्द्यांचा. आफ्रिकेतून आलेली ही माणसे. त्यांच्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेले होते. त्यांच्या वंशजांनी दर्या ओळखला, आरमार उभारले आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत इथे राज्य केले.

बुरुजावरून पूर्वेला खाडी आत शिरताना दिसते. तिच्याच काठच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि एका लेखकाचे कुटुंबही आहे. लेखक म्हणजे त्या काळचा कारकूनच की! हे ऐकून आमच्यातले कारकून ताठ बसले.

दुपारी तांडेलांनी किल्ल्याला बाहेरून वळसा घातला. आता वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही, म्हणून होडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे तिरकी काढत न्यावी लागते. प्रत्येक वळणावर शीड फडफडे आणि बायकामाणसे एकमेकींचे हात धरीत. पश्चिमेला मोकळा समुद्र पसरला होता. आज्जी म्हणाल्या, "बाबासाहेब ह्याच पाण्यावरून गेले असतील ना रे?" खरेच होते ते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी ते मुंबईहून आगबोटीने निघून दासगाव बंदरात उतरले होते. बंदरावर त्यांची वाट पाहणाऱ्यांत आज्जींचे वडीलही होते. होडीत क्षणभर कुणी बोलले नाही.

आणखी पुढे जाऊ या, जादा पैसे देतो, असे काहींनी म्हटले. तांडेलांनी आभाळाकडे आणि पाण्याकडे पाहिले, सुकाणू वळवले आणि म्हणाले, "पैशानं वारा थांबत नाय." पाठीमागून वारा घेत होडी अशी धावली की मुले आनंदाने ओरडू लागली.

उतरताना आम्ही त्यांना विचारले, "मुलगा हाच धंदा करतो का?" "तो नोकरीला आहे. पोरगी मात्र विचारते, बाबा, शीड कसं बांधायचं?" ते हसले. शिकवा तिला, असे आमच्या बायकांनी एका सुरात सांगितले.

वाचकहो, तुम्हीही जरूर जा. हिवाळ्यातच जा, पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. डोक्याला रुमाल, प्यायला पाणी आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घ्या. होडी भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. आणि मुलांना तांडेलाशेजारी बसवा. पदवी नसलेला माणूसही केवढा विद्वान असतो, हे त्यांना तिथेच कळेल.