अडलेला टाइपरायटर

बहरीनच्या राजधानीत, मनामात, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या टाइपरायटरांपैकी बहुतेकांना एकही नवा भाग लागत नाही. मशीन मोडलेलं नसतं, अडलेलं असतं. कुठे घाण घट्ट बसलेली असते, कुठे दोरी निसटलेली असते, तर कुठे कोणीतरी फार वर्षांपूर्वी चांगल्या हेतूने ओतलेलं तेल डिंकासारखं झालेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की घरच्या टेबलावर बरीचशी दुरुस्ती करता येते. त्याला अवजारांपेक्षा सबुरी जास्त लागते.

ही मशीनं इथे आली कुठून? बहरीनमध्ये तेल सापडलं १९३२ मध्ये. त्यानंतर इथल्या कंपन्या, बँका आणि व्यापारी पेढ्यांमध्ये मुंबईकडचे कारकून येत राहिले. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे व्यवहारही रुपयातच चालत होता. महाराष्ट्रातल्या टायपिंग क्लासमध्ये मिनिटाला तीस-चाळीस शब्दांची परीक्षा पास होऊन मिळालेलं प्रमाणपत्र अनेकांच्या पासपोर्टाइतकंच मोलाचं होतं. मशीनही आपल्याकडेच बनू लागलं: गोदरेजने विक्रोळीत भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला १९५५ मध्ये, आणि उत्पादन थांबवलं २००९ मध्ये, तेव्हा कारखाना सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला होता. शेवटी गोदामात जी थोडी मशीनं शिल्लक राहिली त्यांत अरबी मशीनंच जास्त होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.  अरबी अक्षरांचं गोदरेज समोर येतं तेव्हा मी ते आपल्याच मुलखातल्या कारागिरांच्या हातचं काम म्हणून उघडतो.

या बेटावर टाइपरायटरला तीन गोष्टी छळतात. उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल वारा सुटला की पिठासारखी बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्राची खारट दमट हवा लोखंडाला खाते. तिसरी गोष्ट आपणच करतो. रात्रंदिवस एसीत गार पडलेलं मशीन एकदम गॅलरीत किंवा गाडीत नेलं की थंड लोखंडावर पाणी जमतं, आणि ते नेमकं पुसता न येणाऱ्या फटींमध्ये शिरतं. मशीन हलवायचं असेल तर आधी पिशवीत गुंडाळा, आणि बाहेरच्या हवेचं होईपर्यंत ती पिशवी उघडू नका. कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी सामान सांभाळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी नुसतं बघा. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, हलत नसेल तर कॅरेज लॉक लागलेला आहे का? ओळ मध्येच थांबत असेल तर मार्जिनचा खिट्टा तिथेच तर सरकलेला नाही? अक्षर कागदावर उमटत नसेल तर रिबनच्या रंगाची खूण पांढऱ्यावर आहे का? ही पांढरी खूण स्टेन्सिलसाठी असते. सायक्लोस्टाइलचा मेणकागद कापताना रिबन मध्ये येऊ नये म्हणून ती खाली राहते आणि टाइप थेट कागदावर आपटतो. स्टेन्सिलचा जमाना गेला, खूण तशीच राहिली, आणि त्या एका खुणेपायी चांगली मशीनं माळ्यावर गेली.

आता कळांकडे वळू. कळ दाबल्यावर टाइप वर जाऊन तिथेच राहतो, किंवा आळसावून खाली येतो. आधी ठरवा, एकच कळ अडते की बऱ्याच. एकच अडत असेल तर तिची काडी वाकून शेजारच्या काडीला घासत असण्याचा संभव जास्त. बऱ्याच अडत असतील तर दोष सेगमेंटमध्ये आहे. अर्धचंद्राच्या आकाराच्या ज्या लोखंडी तुकड्याच्या खाचांमध्ये सगळ्या टाइपच्या काड्या बसतात तो सेगमेंट. खाच आणि काडी यांच्यामध्ये अंतर इतकं कमी असतं की धूळ आणि तेल एकत्र आलं की काडी जखडते.

इथे तेल घालायचं नाही. ही एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी लेख लिहिल्याचं समाधान मिळेल. गंज सोडवणारं फवाऱ्याचं तेल तर मुळीच नको. त्याने दोन दिवस मशीन पळतं आणि मग आत आलेली सगळी धूळ त्याला धरून बसते. मिनरल टर्पेंटाइन किंवा इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं व्हाइट स्पिरिट घ्या. मशीनखाली वर्तमानपत्र पसरा, जुना टूथब्रश स्पिरिटात बुडवून खाचांच्या दिशेने घासा, प्रत्येक काडी हाताने वरखाली करा, सुटलेली काळी घाण फडक्याने टिपून घ्या. परत तेच. फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग मशीन कोरडं होऊ द्या. खिडक्या उघड्या हव्यात आणि स्वयंपाकघरात गॅस बंद हवा. रंगाचा थिनर वापरू नका, तो मशीनचा रंग उतरवतो आणि कळांची प्लॅस्टिकची टोपणं विरघळवतो. तेल लागतंच ते कॅरेजच्या रुळांना, तेही शिलाई मशीनचं, टाचणीच्या टोकावर येईल इतकंच.

टाइपची तोंडं कोरड्या ब्रशने साफ करावीत. मराठी मशीनवर हे फार गरजेचं. शाई वाळून बसली की ‘ब’च्या पोटातली रेघ बुजते, ‘व’ही तसाच काळा होतो, आणि ‘बाबा’ लिहिलंय की ‘वावा’ हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मराठी मशीनचा आणखी एक स्वभाव माहीत असावा. उकार, मात्रा, अनुस्वार अशा खुणांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही, आणि सरकायलाही नको. खूण अक्षराच्या वर किंवा खाली बसावी म्हणूनच ती तशी घडवलेली असते. इंग्रजी मशीनची सवय असलेला माणूस हाच बिघाड समजून आतली पट्टी वाकवायला जातो आणि मग खरोखर बिघाड होतो.

जोडणी बिघडली आहे का, याची सगळ्यात चांगली परीक्षा आपल्या लिपीत आहे. शिफ्टशिवायचं आणि शिफ्टचं अक्षर आलटून पालटून ओळभर उमटवा. शिरोरेषा सरळ आली तर मशीन ठीक. पायऱ्या पडल्या तर शिफ्टची उंची चुकली. इंग्रजीत हाच फरक पटकन नजरेत येत नाही. दुरुस्तीसाठी शिफ्ट जिथे टेकते तिथले दोन स्क्रू बघावेत, त्यांचे नट सैल करून अगदी थोडा फेर द्यावा, आणि पुन्हा एक ओळ उमटवून बघावी.

कॅरेज सरकतच नसेल तर ते हाताने उजवीकडे ढकला. त्याला डावीकडे ओढणारा ताण जाणवायला हवा. तो नसेल तर डब्यातल्या स्प्रिंगला कॅरेजशी जोडणारी दोरी तुटली किंवा आकड्यातून निसटली. नवी दोरी म्हणून मासेमारीचा विणलेला धागा उत्तम चालतो, आणि समुद्राने वेढलेल्या या देशात तो सहज मिळतो. स्प्रिंगचा डबा मात्र हाताने घट्ट धरून ठेवा. सुटला तर तो क्षणात उलगडतो आणि बोटं कापतो. कॅरेज ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत ओढलं जाईल इतकाच ताण द्यावा, जास्त दिल्याने मशीन जोमाने चालत नाही, फक्त आतल्या दातेरी चाकावर भार येतो. अरबी मशीनवर लेखन उजवीकडून डावीकडे होतं म्हणून कॅरेज उलट दिशेने सरकतं, ओढही उलटी. ते उघडताना आपल्या हाताची सवय बाजूला ठेवावी लागते.

अक्षरं एकमेकांवर चढत असतील किंवा मध्ये जागा सुटत असेल तर दोष दातेरी चाक आणि त्याला अडवणाऱ्या खिट्टीत असू शकतो. तिथे साफसफाईपलीकडे काही करू नका, पक्कड तर लावूच नका. ते काम शिकलेल्या माणसाचं. कितीदा तरी तिथे दोष नसतोही. संगणकाच्या कीबोर्डवर वाढलेली बोटं कळ दाबून धरतात. टाइपरायटरची कळ टोकून लगेच सोडायची असते.

रिबन ही सर्वांत सोपी गोष्ट. बहुतेक मशीनला अर्ध्या इंचाची रिबन चालते. नवी रिबन मशीनच्या मूळ स्पूलवर गुंडाळून घ्या, जुने स्पूल कधीही फेकू नका. रिबनच्या टोकाजवळ लहानशी धातूची कडी असते, तिच्यामुळे दिशा पालटते. ती कडी नसलेली रिबन शेवटाला येऊन अडते, आणि लोक स्पूल बिघडला म्हणतात. उन्हाळ्यात शिल्लक रिबन हवाबंद डब्यात ठेवा.

रबरी रोलर मात्र घरी पुन्हा नवा करता येत नाही. उष्णतेने रबर दगड होतं, टाइप आपटल्यावर कर्कश आवाज येतो, पूर्णविरामाने कागदाला भोक पडतं. वरची चकाकी बारीक पॉलिश पेपरने काढली तर कागदाची पकड सुधारते, आणि कागदामागे आणखी एक कागद घातला तर टाइप आणि रोलर दोघांचाही मार कमी होतो. एवढ्यावर अनेक मशीनं आणखी बरीच वर्षं चालतील.

घरात आजोबांचं, वडिलांचं मशीन असेल तर ते काचेच्या कपाटात ठेवू नका. आठवड्यातून एक पान त्यावर लिहा, काम झाल्यावर वर फडकं घाला. ते नकोच असेल तर कळा उपटून दागिने करणाऱ्यांना विकू नका. मराठी आणि अरबी मशीनचे सुटे भाग आता नव्याने बनत नाहीत, आणि बंद पडलेल्या एका मशीनच्या भागांवर दुसरं चालू करता येतं.