अकरा महिन्यांचं घर

लेक अठरा वर्षांचा झाला आणि त्याच महिन्यात पुण्यात कोथरूडला असलेल्या आमच्या भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट संपलं. दर अकरा महिन्यांनी नवं करत आम्ही तिथे सहा वर्षं काढली होती. या वेळी घरमालक काका सोफ्यावर अवघडून बसले. म्हणाले, "वहिनी, पोरगं लहान होतं तोवर ठीक होतं. आता तो बाप्या झालाय. वर-खाली पोरीबाळी राहतात."

माझा लेक स्वमग्न आहे. दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नाही. खूश असला की गॅलरीत उभा राहून एकच सूर लावतो. बाराव्या वर्षी तो सूर ऐकून शेजारणी म्हणायच्या, किती गोड गुणगुणतो! सूर आजही तोच आहे, फक्त आवाज फुटलाय. त्याने आजवर कुणाला बोटही लावलेलं नाही. पण मिसरूड फुटल्यापासून लिफ्टमधल्या बायका आपल्या मुलांना जवळ ओढू लागल्या. ते मी बघत होते.

एजंट म्हणाला, "मॅडम, मुलाचं आधी सांगू नका. टोकन झाल्यावर बघू." मला आणि त्याच्या बाबांना ते पटलं नाही. लपवून घेतलेल्या घरात त्याला गप्प बसवत दिवस काढायचे, हे मला जमलं नसतं. मग नकार सुरू झाले. "आमची हरकत नाही हो, सोसायटी ऐकणार नाही," हे तर इतक्यांदा ऐकलं की पुढच्या माणसाने तोंड उघडण्याआधी मला कळायचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. समाजात इतरांसारखं राहायचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय. पण दारात उभं राहून कायदा वाचून दाखवला म्हणून कुणी किल्ली देत नाही.

शेवटी वारज्यात एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "त्याला काय काय लागतं?" दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर आला. मी सांगितलं, गॅलरीला ग्रिल, मुख्य दाराला उंचावर कडी, आणि बाथरूमला आतून कडी नको, तो आत अडकतो. आठवड्याभरात बाईंनी तिन्ही कामं करून घेतली.

करार नोंदवायला थंब मशीन घेऊन एक मुलगा घरी आला. घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं पोलिसांना कळवायची होती, त्यात आता लेकाचंही नाव. मात्र करार आमच्या दोघांच्याच नावाने झाला. अठरा पूर्ण झाली की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. त्याच्या बाबांचा अंगठा झाला, माझा झाला, तसा लेकानेही आपला अंगठा पुढे केला. तो मुलगा म्हणाला, "ये दादा." लेकाने मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला, आणि चार वेळा त्याने तो पुन्हा लावून बघितला.

जुनं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, नवं चौथ्यावर. तीन आठवडे तो लिफ्टमध्ये दोनच दाबायचा आणि परक्या दारासमोर चपला काढून उभा राहायचा. मी पाठीमागे असायचे. तिथल्या आजी दार उघडून नुसतं बोट वर दाखवायच्या. रात्री मात्र झोप नसायची त्याला. भिंतीवर हात फिरवत जुनी बटणं शोधायचा. दर अकरा महिन्यांनी त्याला यातून न्यायचं कसं?

बाईंनी करार 36 महिन्यांचा केला. अकरा महिन्यांपेक्षा जास्त दिलं की भाडेकरू घर बळकावतो, अशी भीती पुष्कळ मालकांच्या मनात असते. महाराष्ट्रात मात्र करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी करावीच लागते. पाच वर्षांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवता येतो. मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची तरतूदही 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे.

म्हणून घरमालकांना हात जोडून सांगणं आहे. असं मूल घेऊन कुणी तुमचं घर बघायला आलं, तर त्याला समोर बसवून घ्या. त्याला काय लागतं ते विचारा. आणि करार तीन वर्षांचा करा.