घोडा पाच सेंटिमीटरनं बुटका होता

सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक. महिला जिम्नॅस्टिक्सची ऑल-अराउंड अंतिम फेरी चालू होती आणि व्हॉल्टच्या घोड्यावर एकामागून एक मुली चुकत होत्या. स्वेतलाना खोर्किनासारखी जगज्जेतीसुद्धा आपटली. बघणाऱ्याला वाटावं, ऑलिंपिकचं दडपण आलंय. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ॲलाना स्लेटरनं सांगितलं की घोड्याची उंची बरोबर वाटत नाही. मोजला, तर १२५ ऐवजी १२० सेंटिमीटर भरला. आधी उडी मारलेल्या मुलींना पुन्हा संधी देऊ केली गेली, पण खोर्किना तोवर बारवरूनही पडली होती. तिचं ऑल-अराउंडचं पदक गेलं ते गेलंच.

मालवणात मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकवताना मला पदकांच्या बातम्यांपेक्षा हा प्रसंग जास्त उपयोगी पडतो. पंच होते, तंत्रज्ञ होते, मोजपट्टी होती. तरी खोट कळली ती खेळाडूच्या अंगाला, आणि दुरुस्त झाली ती एका मुलीनं तोंड उघडलं म्हणून. सुरक्षितता म्हटलं की आपण गाद्यांची जाडी विचारतो. ती विचारायलाच हवी. पण मुलाला बोलता येतं का आणि त्याचं ऐकलं जातं का, हे त्याआधी विचारायला हवं.

न ऐकल्याची किंमत या खेळानं फार मोजली आहे. येलेना मुखिना १९७८ ची जगज्जेती. मोडलेला पाय पुरता सांधला नसताना तिला सरावाला उभं केलं गेलं. थॉमस साल्टो ही मानेजवळून लोळत संपणारी उडी आपल्या जिवावर बेतेल, असं ती प्रशिक्षकाला सांगत होती. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, मिन्स्कच्या सरावात ती हनुवटीवर आदळली आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढे महिलांच्या स्पर्धांतून ही उडीच बाद झाली.

याच्या उलट सिमोन बाइल्स. २०२१ मध्ये टोकियोला सांघिक अंतिम फेरीत अडीच गिरक्यांच्या उडीत तिची दीडच गिरकी झाली. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला समजेना, म्हणून ती थांबली. तेव्हा तिला पळपुटी म्हणणारे कमी नव्हते. तीच बाइल्स २०२४ मध्ये पॅरिसहून तीन सुवर्णपदकं घेऊन गेली.

आपल्याकडे दीपा कर्माकरनं २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला प्रोडुनोव्हा ही व्हॉल्टवरची अवघड उडी मारली. १५.०६६ गुण, चौथा क्रमांक, कांस्यपदक अवघ्या ०.१५० नं हुकलं. वर्तमानपत्रांनी त्या उडीला मृत्यूची उडी म्हटलं आणि गावोगावच्या पोरांना नेमकं तेवढंच लक्षात राहिलं. त्यामागची सरावाची वर्षं आणि २०१७ मधली गुडघ्याची शस्त्रक्रिया बातमीत मावत नाही.

आमच्याकडे त्याचा परिणाम चिवला बीचवर दिसतो. मोबाइल वाळूत रोवून पोरं बॅकफ्लिप मारतात. सुक्या पुळणीत पाय रुततो, उडी उठत नाही. म्हणून ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर जातात. तिथे धाव छान मिळते, पण पाय उचलून देणारी ती वाळू डोक्यावर पडलात तर तितकीच टणक लागते. मानेला मार बसला की मित्र हातपाय धरून उचलतात, आणि खरा घात तिथे होतो. मान जराही न हलवता १०८ ला फोन करून थांबायचं, हे मी उडीच्या आधी शिकवतो. इथून गंभीर रुग्णाला अनेकदा गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठावं लागतं, शंभरेक किलोमीटरवर. तेवढ्या रस्त्याचा हिशेब आधी करायला हवा.

दुसरा शत्रू खारी हवा. टांगत्या मल्लखांबाची साखळी, दोरीच्या मल्लखांबाचा वरचा हूक, बारच्या तारा, सगळं गंजतं, आणि रंगाखालचा गंज दिसत नाही. पावसाळ्यात सुती दोरी बाहेरून धड दिसते, आतून कुजते. मासेमारीच्या घरातल्या मुलांना ती पारखायला शिकवावं लागत नाही. पीळ उलगडून आत बघतात, वास घेतात, दोन हातांत ताणतात. म्हणून तपासणीची पाळी मी मुलांनाच देतो. सातवीतल्या मुलीनं दोरी नको म्हटलं, तर त्या दिवशी दोरी उतरते. वाद नाही.

एखादी म्हणते, "सर, आज माका जमाचा नाय." आळस आणि भीती यांतला फरक मला दर वेळी कळतोच असं नाही, कळायची गरजही नसते. उडीचे तुकडे करून एक पायरी खाली यायचं. आळस असेल तर पाच मिनिटांत जातो. भीती असेल तर तिला कारण असतं: झोप नाही, टाच दुखतेय, किंवा घरी काही घडलंय.

आधार द्यायला अंगाला हात लावावा लागतो. तो कुठे आणि कशासाठी लागेल हे आधी सांगायचं, दार उघडं ठेवायचं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचारांच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला. तक्रारी आधीही झाल्या होत्या, पण दाबल्या गेल्या. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणी न्यायालयात बोलल्या, तेव्हा जग जागं झालं.

आईबापांनो, क्लास निवडताना पदकांच्या फोटोंची भिंत बघू नका. तासभर बाकावर बसा. एखादं मूल 'नको' म्हणतं का आणि म्हटल्यावर काय होतं, तेवढं बघा. बसूच देत नसतील किंवा एकही मूल कधीच 'नको' म्हणत नसेल, तर त्याला शिस्त समजू नका. आपलं मूल घेऊन घरी या.